कालिंदीची वही

"मॅडम, विद्यापीठाचं नाव कशानं मोठं होतं?"

ग्रंथपाल मुमताज मुल्ला स्टुलावर उभ्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं नाही.

"आधी स्टूल धर. डगमगतंय."

इंद्रजित भोसेकरनं स्टूल धरलं. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची तपासणी करायला बाहेरून समिती यायची होती. तिच्यासमोर संशोधक विद्यार्थ्यांतर्फे तोच बोलणार होता. सातपुड्यातल्या एका बोलीवर त्याचा प्रबंध चालला होता, आणि एवढं काम आजवर कोणी केलं नाही, असं त्याचे मार्गदर्शक भेटेल त्याला सांगत.

दुपार होती. खिडकीतलं ऊन कपाटांच्या रांगांमधून सावकाश सरकत होतं. उन्हात धूळ तरंगत होती, खाली बसायचं विसरल्यासारखी. दूरच्या टेबलावर कोणीतरी पान उलटलं. पुन्हा शांत...

मॅडम एकेक पुस्तक काढत, पुसत, मागे हात घालून चाचपत, परत ठेवत.

"अजून तोच शोधताय?"

"एकोणिसावा दिवस."

हरवला होता एक हस्तलिखित शब्दसंग्रह. साठ वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांनी पाड्यापाड्यांवर फिरून त्याच बोलीतले शब्द लिहून ठेवले होते. प्रत एकच.

ती कुठे आहे, हे फक्त इंद्रजितला माहीत होतं. रसायनशास्त्राच्या शेवटच्या कपाटात, जाड खंडांच्या मागे, त्यानंच ती सरकवली होती. प्रबंध सादर होईपर्यंत.

"त्या धडगावच्या मुलीसाठी एवढं?"

"कालिंदी वळवी. तीनदा आली, तीनदा रिकाम्या हातानं गेली."

"ती एम.ए.ला आहे, मॅडम. माझा प्रबंध आधी आला तर नाव विद्यापीठाचंच होईल. तिला संग्रह नंतर मिळाला तरी..."



मॅडम खाली उतरल्या. टेबलाच्या खणातून त्यांनी एक शंभरपानी वही काढली.

"त्याच बोलीवर तूही काम करतोस, हे मी तिला सांगितलं होतं. परवा ती दिवसभर खिडकीपाशी लिहीत बसली. जाताना म्हणाली, संग्रह नाही सापडला तर भोसेकर सरांचं काम अडेल. मला घरी ऐकून जेवढं येतं तेवढं लिहिलंय. त्यांना द्या."

इंद्रजितनं टेबलापाशी बसून वही उघडली.

डोंगरावरून उतरणाऱ्या धुक्याला एक शब्द होता. उतरून पाड्यातच रेंगाळलेल्या धुक्याला दुसरा. झोपेत हसणाऱ्या बाळासाठी एक. यातला एकही त्याच्याकडे नव्हता. अक्षर गोल, घाई नसलेलं. वाचता वाचता त्याला कपाटं दिसेनाशी झाली. आपण कुठल्यातरी अंगणात उभे आहोत आणि आतून कोणी बोलतंय, असं वाटत राहिलं...

शेवटच्या पानावर एकच शब्द होता. पुढची जागा कोरी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'आई कामावरून येताना दारातूनच हे म्हणायची. अर्थ विचारायचा राहून गेला. आता ती नाही.'

त्या शब्दाचा अर्थ इंद्रजितला माहीत होता. मास्तरांच्या संग्रहात सत्तराव्या पानावर तो लिहिलेला होता.

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. ऊन पुढच्या कपाटापर्यंत सरकलं होतं.

तो उठला. रसायनशास्त्राच्या कपाटाकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत तो संग्रह होता.

"मीच ठेवला होता."

मॅडमनी तो घेतला. ओढणीनं पुसला. पानांना कसर तर लागली नाही ना, हे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही रे. माहीत असतं तर एकोणीस दिवस कपाटं कशाला उपसली असती?"

त्यांनी संग्रह पुन्हा त्याच्याच हातात दिला.

"चारच्या गाडीनं येतेय ती. तूच दे."

इंद्रजितनं दाराकडे पाहिलं. समितीसमोरचं सगळं भाषण त्याला पाठ होतं...

"मॅडम, तिला काय सांगू?"

मॅडम बाहेर काढलेली पुस्तकं जागेवर लावू लागल्या होत्या.

"आधी पाणी विचार. लांबून येते."