पडद्याआडचे तीन हुंदके

एका राज्यात गौरध्वज नावाचा राजा होता. त्याच्या प्रजेत गोरे होते तसे काळेही होते. पण काळ्यांनी नगराच्या वेशीआत पाऊल टाकायचे नाही, असा त्याचा हुकूम होता. “त्यांचे रक्तच वेगळे,” राजा म्हणे.

एके दिवशी नीलकाय नावाचा जादूगार वेशीवर आला आणि पाणी मागू लागला. त्याचा काळा रंग पाहून शिपायांनी त्याला हाकलले. सज्ज्यातून राजा हसला. जादूगाराने वर पाहिले. “राजा, माणसामाणसांत तुला एवढा भेद दिसतो ना? मग ओळखून दाखव.” एवढे बोलून तो नाहीसा झाला. त्याच क्षणी राजकन्या चित्रांगीही झोपाळ्यावरून नाहीशी झाली. रिकामा झोपाळा हलत राहिला.

राजवाड्यातला पोपट बोलला, “महाराज, उकळती नदी ओलांडा, तहानेचे माळरान तुडवा, धुक्याच्या गुहेत शिरा; राजकन्या तिथे आहे. सैन्य नेऊ नका.”

राजा एकटाच निघाला. नदीकाठी सोनकी नावाची काळी नावाडीण उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

“माझी लेक धुरपीही त्या जादूगारानेच नेली,” ती म्हणाली. “नावेत बसा.”

राजा अंग चोरून टोकाला बसला. सोनकीने नदीला हाक मारली. नावेपुरते पाणी निवले.

पलीकडे उतरून दोघेही चालू लागले. माळरानावर राजाच्या चांदीच्या झारीतले पाणी वाळू झाले. सोनकीने आपला भोपळ्याचा तुंबा पुढे केला. राजाने मान फिरवली. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा मात्र तो घटाघटा प्याला. पाणी पाण्यासारखेच लागले. त्याला त्याचेच नवल वाटले.

गुहेत तीन पडदे होते, आणि तिन्हींमागून हुंदके येत होते.

“एकच पडदा उघड,” नीलकाय म्हणाला. “लेक ओळखलीस तर ती तुझी, बाकीच्या दोघी दगड होतील. चुकलास तर तिघीही.”

राजाने कान दिला. मधली रडताना उचकी देत होती, अगदी चित्रांगीसारखी. त्याचा हात पडद्याकडे गेला. तेवढ्यात डावीकडच्या मुलीनेही तशीच उचकी दिली. मग उजवीकडच्या मुलीने.

“सोनकी, तुझी कोणती?”

“कळत नाही, महाराज. भेदरलेली पोर अशीच रडते.”

राजाने सोनकीकडे पाहिले. तिने तोंडावर पदर दाबून धरला होता. राजाचे गुडघे जमिनीला टेकले.

“मला ओळखता येत नाही. तिघींना सोड. दगड करायचे तर मला कर.”

“सुटलास,” नीलकाय म्हणाला, आणि धुके विरले. पडदे गळून पडले. मधून निघालेली काळी चिमुरडी समोर दिसेल त्याला बिलगली. समोर राजा होता. त्याने तिला उचलून घेतले, डोळे पुसले आणि सोनकीच्या कडेवर दिले. डावीकडून चित्रांगी धावत आली. उजवीकडची गहूवर्णी मुलगी डोंगरापलीकडची होती. तिची भाषा कुणाला येत नव्हती, पण तिला भूक लागली आहे हे सगळ्यांना समजले. सोनकीने भाकरीचे तीन तुकडे केले.

आधी त्या मुलीला तिच्या आईकडे पोचवले. मग सगळे नगराच्या वेशीशी आले. शिपायांनी सोनकीपुढे भाले आडवे धरले. राजाने ते आपल्या हातांनी बाजूला केले आणि म्हणाला, “आधी यांना जाऊ द्या.”

तेव्हा जी वेस उघडली, ती पुन्हा कुणासाठी मिटली नाही.