अडकूचा उलटा बिल्ला

ही फळी बघा, पण हात लावू नका. तीनशे खिळे आहेत. सगळे पितळी बिल्ले सुलटे, सतरा नंबरचा तेवढा उलटा. गेल्या साली एका पाहुण्यानं तो सरळ केला. त्याला मी चहा न पाजता वाटेला लावला.

खाण चालू होती तेव्हा या आमच्या काळीपहाडीत दीड हजार माणूस होतं, असं सांगतात. डोंगरातून मँगनीज निघायचं. बाजार, शाळा, दोन आखाडे, जिलेबीची चार दुकानं. खाणीत उतरताना आपला बिल्ला फळीवरून काढून कमरेला बांधायचा, वर आलं की परत टांगायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. फळी सांभाळायची सुरजाबाई मडावी. तिला अक्षर येत नव्हतं, पण कोणता खिळा कोणाचा हे ती डोळे मिटून सांगायची.

मग माल सरला, आत पाणी फुटलं. एका दुपारी छत बसलं. माणसं पळत वर आली. कंपनीच्या साहेबाला खाण बंदच करायची होती. म्हणाला, "तोंड चिणून टाका."

सुरजाबाई खाणीच्या तोंडात जाऊन बसली. "सतरा रिकामा हाय साहेब. अडकू आत हाय."

अडकूला ना बायको, ना पोर. त्याच्यासाठी रडणारं कोणी नव्हतं. साहेब म्हणाला, "दारू पिऊन पडला असेल कुठं."

"पिऊन बी बिल्ला टांगल्याबिगर कधी गेला नाही तो. उलटा टांगल, पण टांगल!"

तिला उचलून बाजूला केलं आणि भिंत घातली. सकाळी भिंत पडलेली. पुन्हा घातली, पुन्हा पडली. असं तीनदा. डोंगरदेवानं अंग झटकलं म्हणे. झटकलं असेल. मी तेव्हा पाळण्यात होतो. पण आमच्या आईच्या चुलीला कंपनीच्या छापाच्या विटा होत्या. देवानं घरपोच दिल्या असतील.

चौथ्यांदा गवंडी आलेच नाहीत. साहेबानं यंत्रं गाडीत भरली, वीज तोडली आणि निघून गेला. मग गावानं कंदील घेऊन दगड उपसायला घेतले. एक शहाणा बोलला, "मेलेल्यापायी आपण कायले मरायचं?"

सुरजाबाई म्हणाली, "तुहा खिळा कोणता रे? दाखव बरं."

तो घमेलं उचलून आत गेला.

अकराव्या दिवशी अडकू सापडला. बिल्ला मुठीत होता. तिनं तो धुतला आणि सतरावर टांगला. उलटा. म्हणाली, "आता घाला भिंत." पण घालायला कंपनी होती कुठं? म्हणून खाणीचं तोंड असं उघडं आहे.

पुढं पोटामागं गाव पांगलं. सुरजाबाईनं रीत घालून दिली. गाव सोडेल त्यानं बिल्ला टांगून जावं, राहील त्यानं कमरेला ठेवावा. बापाच्या मागं त्याचा बिल्ला माझ्याकडं आला.

सरकारी कागदावर हे गाव ओसाड आहे. मागं एक बाबू तशी पाटी ठोकायला आला होता. मी त्याला धरून इथं आणला, या फळीपुढं उभा केला आणि मोजायला लावलं.

आजही चार खिळे रिकामे आहेत. एकशे बारावा माझा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत.