जीवशास्त्राला काय लागतं

माझं शुद्धलेखन कच्चं आणि शब्द साधे, सांभाळून घ्या. आठवीनंतर शाळा सुटली, पण पाना-किड्यांची ओढ सुटली नाही.

धाकट्या बहिणीच्या प्रवेशासाठी कॉलेजात गेलो. जीवशास्त्राचे विभागप्रमुख देवस्थळी सर तिला ऐकवत होते, "बीएस्सीला रसायन लागतं, इंग्रजी लागतं, प्रॅक्टिकलची हजेरी लागते." माझी नजर मात्र टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकावर होती. एकदा तरी डोळा लावून बघावं, असं फार वाटत होतं.

"काय रे, तुलाही शिकायचंय? शिक्षण किती?"

"आठवी."

"वा! आठवी पास जीवशास्त्रज्ञ!" सर हसले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, एवढं सगळं लागतं, मग जीवशास्त्राला जीव लागत नाही का?"

सरांचं हसू विरलं. "लागतो," ते हळूच म्हणाले. "पण बाळा, दहावीही लागते." आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या शाळेत जाऊन बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला.