वगळायचा माणूस

"सर, एक माणूस वगळला तर चालेल ना?" जहागीरदारने विचारलं.

कुरुंदवाडे सर चहात खारी बुडवत होते. ती मऊ झाली, तुटली आणि कपात पडली. सर तिच्याकडे बघत राहिले.

"कुठला माणूस?"

"दस्तगीर. तो ट्रंपेटवाला."

"का?"

"त्याच्यामुळे निष्कर्ष बिघडतो, सर."

…

नदीकाठच्या आमच्या मेडिकल कॉलेजातला हा छातीविकार विभाग. आता तिथे काचेची इमारत आहे आणि आत जायला कार्ड लागतं. तेव्हा कौलं होती, कौलांत कबुतरं होती, आणि फुंकर मोजायचं एक यंत्र होतं. ते लोहाराच्या भात्यासारखं धापा टाकायचं. पेशंट दमायच्या आधी तेच दमे.

आणि सर होते.

फोनवर समोरचा नुसता खोकला, तरी तो कुठल्या छापाची विडी ओढतो ते सर सांगत. एकदा पलीकडचा म्हणाला, "चुकलात डॉक्टर, मी सोडली." सर म्हणाले, "काल." मी तेव्हा तिथे शिकाऊ डॉक्टर, शेजारीच उभा होतो. नसलो तरी गोष्ट खरीच आहे.

सौमित्र जहागीरदार त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. सुवर्णपदकवाला. बँडमध्ये आयुष्यभर वाजवणाऱ्यांची फुप्फुसं इतरांपेक्षा उशिरा म्हातारी होतात का, हा त्याचा विषय. उत्तर त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. होतात.

आराखडा त्याने देखणा केला होता. फक्त निरोगी माणसं घ्यायची, छातीचा आजार असलेला एकही नको, वगैरे वगैरे. सरांनी तो दोन महिने ठेवून घेतला आणि एकच ओळ वाढवून परत दिला.

'फुंकर घेण्याआधी प्रत्येकाशी हात मिळवावा.'

"याला संदर्भ काय देऊ, सर?"

"माझं नाव दे. मी अजून जिवंत आहे."

जहागीरदारने ओळ ठेवली. हात मात्र कुणाशी मिळवले नाहीत. लग्नसराई संपली की बँडवाले घोळक्याने यायचे. कोण हात मिळवत बसणार? तो माणसाला खुर्चीत बसवायचा आणि डोळे यंत्रावर ठेवायचा.

…

"दस्तगीर नीट फुंकत नाही?" सरांनी विचारलं.

"निम्मंसुद्धा नाही. यंत्र तपासलं, ठीक आहे. माणूसच कामचुकार आहे, सर."

"आणि त्याला ठेवलं तर?"

"चार वर्षं पाण्यात. प्रबंध महिनाअखेर द्यायचाय. मुदत एकदा वाढवून झालीय, आता नोंदणीच रद्द होईल."

सरांनी चमच्याने खारी बाहेर काढली आणि शांतपणे खाल्ली.

"वगळ."

जहागीरदारचा चेहरा उजळला.

"पण त्याला सांगून ये."

"काय सांगू?"

"तुला वगळलं म्हणून."

"फोन करतो."

"तोंडावर."

"सर, जगात कुठलाही संशोधक असं…"

सरांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. म्हणजे बोलणं संपलं.

…

स्कूटर माझी होती, म्हणून मीही गेलो.

नदीपलीकडे दस्तगीरचं घर. आम्हाला बघून तो धावत दारात आला… आणि चौकटीला धरून थांबला.

"या की डाक्टर! बसा की. ओ रमजानभाई, बघा कोण आलंय! ह्यांच्याच पुस्तकात माझी फुंकर हाय."

भिंतीवर लग्नाच्या फोटोशेजारी एक चौकट होती. चौकटीत त्याच्या फुंकरीचा आलेख. येणाऱ्या प्रत्येकाला जहागीरदारने आठवण म्हणून एकेक प्रत दिली होती.

"उलटा लावलाय," जहागीरदार माझ्या कानात म्हणाला.

"मग आता तेही सांग त्याला," मी म्हणालो.

दस्तगीरने ट्रंपेट काढलं. पाहुणे आले की वाजवल्याशिवाय चहा द्यायचा नाही, अशी घरची रीत. सूर असा चढला की कोपऱ्यातली कोंबडी दारापर्यंत उडाली. आणि मग… सूर मध्येच सुटला.

दस्तगीर हसला. तळवा भिंतीला टेकवून उभा राहिला.

"हल्ली पयली ओळ मी वाजवतो, दुसरी पुतण्या उचलतोय. वरातीत कुणाला काय कळतंय?"

जहागीरदार उठला. सांगायचं कसं ते त्याला सुचेना. सुचेना म्हणून त्याने हात पुढे केला.

दस्तगीरने हात दिला.

जहागीरदारने तो सोडलाच नाही.

"काय झालं डाक्टर? लगीन लागल्यागत धरलासा की हात!"

"ही बोटं… कधीपासून अशी आहेत?"

मी वाकून पाहिलं. बोटांची टोकं फुगलेली, नखं पालथ्या वाटीसारखी. छातीतला जुना आजार बोटांवर असा उमटतो, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही पाठ असतं.

"बोटं व्हय? वाजवून वाजवून झाल्यात तशी."

"नाही," जहागीरदार म्हणाला. त्याने दुसऱ्या हाताची बोटंही उलटून पाहिली. मग म्हणाला, "चला आमच्याबरोबर."

"पुस्तकासाठी?"

"नाही, चाचा."

…

तिघं एका स्कूटरवर आलो. मध्ये दस्तगीर, त्याच्या मांडीवर ट्रंपेट. खड्डा आला की ते आपोआप वाजायचं आणि रस्त्यातल्या म्हशी बाजूला व्हायच्या. यावर कुणी विश्वास ठेवत नाही. न ठेवो.

सरांनी आधी दस्तगीरशी हात मिळवला. तसाच धरून त्याच्या गावच्या उरुसाची चौकशी केली. मग पाठीला कान लावला. मग छातीचा फोटो काढायला पाठवलं, आणि काचेवर लावलेल्या त्या फोटोसमोर पुष्कळ वेळ उभे राहिले.

"लवकर नाही आणलंस," ते म्हणाले. "पण उशीरही नाही झाला."

संध्याकाळी दस्तगीरला वॉर्डात खाट मिळाली. व्हरांड्यात कबुतरं परतत होती. तसा गलका आता त्या इमारतीत कुठेच ऐकू येत नाही. सर खुर्चीत बसले होते. जहागीरदार उभाच होता.

"सांगितलंस त्याला?"

"नाही, सर."

"का?"

"आधी हात मिळवला, सर."

"हं."

"तो वर्षापूर्वी माझ्यासमोर बसून गेला होता, सर. मीच त्याला निरोगी लिहिलं."

सरांनी दुसरी खुर्ची पुढे ओढली, पण तो बसला नाही.

"राहू दे त्याला. त्याच्यासकट लिहितो. निष्कर्ष गेला तर जाऊ दे. नोंदणी गेली तरी…"

आतून दस्तगीरचा खोकला ऐकू आला, आणि त्यामागून नर्सचा ओरडा, "ओ चाचा, इथं वाजवायचं नाही हं!"

सर उठले. वॉर्डाकडे निघाले. जाता जाता जहागीरदारच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"आता वगळ त्याला."