तुपाचा नळ कधी तुंबणार?

"तूप कुठंय?" राजे जालंधररावांनी पुरणपोळीवर धरलेली तोटी गदागदा हलवली.

तोटी म्हणाली, "फुस्स!"

डोंगरावरच्या गोठ्यात कढवलेलं तूप तांब्याच्या नळातून थेट आपल्या ताटात पडावं, असा राजांचा हट्ट. उन्हाळाभर ते पडलंही. पण थंडी सुरू झाली आणि तूप नळाच्या आतल्या अंगाला थिजू लागलं. थरावर थर चढले, नळ तुंबला. मोकळा केला, तर आठवड्यात पुन्हा तुंबला!

राजांनी नळ बसवणाऱ्या धोंडिबा तांबटाला बोलावलं. "नळ मोकळा कर! आणि आता तो कुठं आणि कोणत्या दिवशी तुंबणार, ते आधी सांग. उघडून बघायचं नाही! चुकलास, तर ऐरण डोक्यावर घेऊन राज्याबाहेर चालता हो!"

म्हातारा धोंडिबा मटकन खाली बसला.

"उठा आबा, मी सांगते," त्याची लेक ठकू म्हणाली.

बापलेकीने मिळून नळ मोकळा केला. तिकडे दरबारचे ज्योतिषी जोशीबुवा यांनी नळाची जन्मपत्रिका मांडली आणि शनी वक्री असल्याचं सांगून दक्षिणाही घेतली! ठकू मात्र रोज सकाळी नळाच्या कडेकडेने चालू लागली. पाहते तर काय, वरून कढत तूप सुटलं, की गावातली झाडून सारी मांजरं उबेला नळावर पसरत. राजवाड्याच्या खिडकीसमोर चिंचेची गार सावली होती. तिथल्या सांध्यावर सोमवारी आठ मांजरं होती. मंगळवारी सहा. बुधवारी चार. आत तुपाचा थर जाड होत होता, बाहेर ऊब पोचत नव्हती आणि मांजरं वैतागून वर सरकत होती. ठकूने बोटं मोजली आणि दरबार गाठला.

"शुक्रवारी, महाराज. चिंचेखालच्या सांध्यात!"

"शुक्रवारी? त्या दिवशी आमचे व्याही जेवायला यायचेत!"

"मग त्यांना तूप वाटीने वाढा."

"वाटीने? घरचा नळ असताना?" राजे गरजले. "तोटीनेच वाढणार!"

शुक्रवारी पंगत बसली. ठकूने खिडकीतून पाहिलं, तर काय! सांध्यावर एक लठ्ठ भुरा बोका अजून बसलेलाच!

"ऊठ की रे मेल्या, माझ्या आबांचं घर सुटतंय!" ती पुटपुटली.

बोक्याने नुसता कान हलवला. राजांनी तोटी फिरवली. तुपाची बारीक का होईना, धार आली! जोशीबुवा खुदकन हसले.

"धोंडिबा, उचल ऐरण!" राजे म्हणाले.

इतक्यात बोका उठला. त्याने पोट झटकलं, नळाकडे रागाने पाहिलं आणि तरातरा डोंगराकडे निघून गेला.

"फुस्स!"

व्याह्यांची पोळी कोरडीच राहिली. शिपायांनी सांधा सोडवला, तर आत तुपाचा हा एवढा गोळा!

"हे तुला कुणी सांगितलं?" राजांनी डोळे वटारले.

"मांजरांनी."

"दरबारात एवढे विद्वान बसलेत, आणि तू मांजरांवर भरवसा ठेवलास?"

"विद्वान तुमचा चेहरा बघून बोलतात, महाराज. मांजराच्या पोटाला गार लागलं, की ते राजाचीही भीड ठेवत नाही!"

आधी व्याही हसले, मग राजे असे हसले, की पागोटं ताटात पडलं. धोंडिबाला चांदीचं कडं मिळालं. ठकूकडे नळाचा सगळा कारभार आला आणि तिच्या हाताखाली रोज सकाळी मांजरं मोजायला जोशीबुवांची नेमणूक झाली.