वैतागून बसवलेला कार्बोरेटर

फार जुनी गोष्ट आहे. एका डोंगरी मुलखात तेव्हा राणीचं राज्य होतं, आणि बैलगाड्यांच्या वाटेवर मोटारी नुकत्याच धावू लागल्या होत्या. लहानांनो, ऐका. आणि लहानांच्या आडून कान देणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

राज्याची बाजारपेठ खाली नदीकाठी होती, राणीचा गड वर होता आणि मधे घाट. त्या घाटात दौलती नावाचा माणूस मोटार चालवायचा. सकाळी पेठेतून माणसं भरून वर न्यायची, संध्याकाळी खाली आणायची. मनाने माणूस चांगला. म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात धरून गाडीत चढवायचा. एकच खोड होती त्याला. आपल्यापुढे कुणी गेलेलं त्याला सोसायचं नाही.

आणि घाटात रोज कुणीतरी पुढे जायचंच. दौलतीची मोटार आता थकली होती. चढ लागला की धापा टाकायची. मागून बजाबाची नवी कोरी मोटार हॉर्न वाजवत यायची, तिच्यातली माणसं हात हलवून पुढे जायची, आणि दौलतीचे कान लाल व्हायचे.

एके दिवशी तो तडक जानबा मिस्त्रीकडे गेला. पेठेत मोटारीचं काम जानबाच करायचा.

"मिस्त्री, गाडीला जोर पाहिजे."

जानबाने इंजिन उघडून पाहिलं. रेडिएटरमध्ये बोट घातलं, ते चिखलाने माखून बाहेर आलं. ब्रेक दाबून पाहिला. मग हात पुसत म्हणाला, "जोर आहे रे तिच्यात. पण व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, रेडिएटर गाळाने भरलाय, ब्रेक झिजलेत. गाडी थोडे दिवस माझ्याकडे सोड. सगळं नीट करून देतो, घाट चढेल."

"ही तर नुसती दुरुस्ती. मला जोर पाहिजे."

"दुरुस्तीनेच जोर येईल."

"बजाबाच्या गाडीला कुठे केली दुरुस्ती?"

"अरे, त्याची नवी आहे!"

"तेच म्हणतोय मी. तिच्यासारखी करा."

जानबाने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

दोन दिवसांनी दौलती मोठ्या तोंडाचा, चकचकीत एअर फिल्टर घेऊन आला. "दुकानदार म्हणाला, इंजिनाला हवा जास्त मिळाली की जोर वाढतो."

"निरोगी इंजिनाचा वाढतो," जानबा म्हणाला. "छातीत कफ दाटलेल्या माणसाला मोठं नाक लावून काय होणार?"

"लावून तर बघा."

जानबाने लावला. निदान घाटातली धूळ अडेल, असं त्याने मनाशी म्हटलं. मोटार सुरू झाली. आता तिच्या धापा लांबवर ऐकू येऊ लागल्या.

"आवाज बदलला, मिस्त्री!" दौलती खुशीत ओरडला.

"आवाजच बदललाय. रेडिएटरचं काय ते बघ."

दौलतीने मान डोलावली आणि गेला. घाटात बजाबा पुढे गेलाच. मग दौलती रुंद सायलेन्सर घेऊन हजर. या वेळी त्याला न्हाव्याने सांगितलं होतं की हवा आत जास्त जाते तर बाहेरही जास्त जायला हवी.

"न्हाव्याचं खोटं नाही," जानबा दात आवळून म्हणाला. "पण दाढी करणाऱ्याला विचारतोस आणि मी सांगतो ते ऐकत नाहीस, याला काय म्हणावं? रेडिएटर! ब्रेक! किती वेळा सांगू?"

"करू की. सणवार होऊन जाऊ देत."

सायलेन्सर बसला. गाडी अशी गर्जू लागली की पेठेतल्या कोंबड्या उकिरडा सोडून पळाल्या. घाटात बजाबा मात्र पुन्हा पुढे गेला.

त्यानंतर दौलतीने जानबाच्या मागे भुणभुण लावली. जानबा भाकरी खायला बसला की हा दारात उभा. जानबा नदीवर अंघोळीला गेला की हा काठावर उकिडवा बसलेला. प्रश्न तोच, फक्त शब्द बदललेले. जानबाचं उत्तरही तेच, फक्त आवाज दरवेळी चढलेला. शेवटी शेवटी तर दौलती लांबून दिसला की जानबा समोर असेल त्या गाडीखाली सरपटत जायचा आणि काम नसलं तरी तिथेच पडून राहायचा. दौलती गाडीजवळ बसून त्याच्या पायांशी बोलायचा.

आणि एक दिवस दौलतीने लाल फडक्यात गुंडाळलेला मोठा कार्बोरेटर त्याच्यासमोर ठेवला.

जानबाने तो हातात घेऊन फिरवून पाहिला. वस्तू उत्तम होती. तो शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "हे बघ. हा बसवला तर इंजिनाला पेट्रोल जास्त मिळेल आणि गाडी पळेल, यात शंका नाही. पण इंजिन जास्त तापेल, आणि ते थंड ठेवायला तुझा रेडिएटर धड नाही. घाटात इंजिन बंद पडलं तर गाडी मागे येईल, आणि तिला थांबवायला ब्रेक नाहीत. आधी ते करू, मग हा बसवू."

दौलतीचं तोंड पडलं. "तुम्हाला नवीन काही म्हटलं की अडचणीच दिसतात. तुमच्या हातून होत नसेल तर तसं सांगा. नदीपलीकडे दुसरा मिस्त्री आहे म्हणे."

झालं! जानबाने हातातला पाना भिंतीवर फेकला. "आण इकडे! तुझी गाडी, तुझी हौस, तुझं नशीब! बसवतो. पण पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

आणि त्याने कार्बोरेटर बसवला. बसवला तोही चोख, कारण वाईट काम करायची त्याच्या हाताला सवय नव्हती. गाडी गेल्यावर तो पायरीवर बसला आणि त्याला फार हलकं वाटलं. सुटलो एकदाचा, असं तो मोठ्याने म्हणालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार माणसांनी भरून निघाली. पुढच्या बाकावर केरू आबा बसले होते. आबा घोंगड्या विणायचे. त्यांच्या हातची घोंगडी पांघरली की गडावरचा वाराही अंगाला लागत नाही, असं लोक म्हणत. एक नवी घोंगडी मांडीवर घेऊन ते गडावर निघाले होते.

मोटार अक्षरशः उडाली. अर्ध्या घाटात तिने बजाबाला मागे टाकलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. दौलती इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

गडाखालच्या शेवटच्या चढावर बॉनेटमधून वाफेचा लोट उसळला. आत काहीतरी करकरलं आणि इंजिन जागीच बंद पडलं. मोटार थांबली. मग हळूहळू मागे सरकू लागली. दौलतीने ब्रेकवर अंगाचा सगळा भार टाकला, तर पाय सरळ खाली गेला. एका बाजूला दरी होती. दौलती घाबरला, पण त्याने चाक सोडलं नाही. जीव खाऊन ते फिरवलं आणि गाडी डोंगराच्या अंगावर घातली. गाडी कातळावर आपटून कलंडली.

माणसं वाचली. कुणाला खरचटलं, कुणाचं डोकं फुटलं. केरू आबांनी मात्र सावरायला उजवा हात पुढे केला होता. त्यांचं मनगट बाक आणि कातळाच्या मधे चिरडलं.

राणीने सगळ्यांना गडावर बोलावलं.

"कार्बोरेटर मिस्त्रीने बसवला," दौलती मान खाली घालून म्हणाला.

"मी पहिल्या दिवसापासून नको म्हणत होतो!" जानबा उसळला. "घसा कोरडा केला मी. अख्खी पेठ साक्षीला आहे."

पेठेतल्या माणसांनी माना डोलावल्या. राणी दौलतीकडे वळली. तेवढ्यात गळ्यात हात बांधलेले केरू आबा म्हणाले, "राणीसाहेब, मला एक विचारायचंय. जानबा, घाटात काय होईल ते तुला ठाऊक होतं?"

"होतं, आबा."

"मग बसवलंस का?"

जानबा म्हणाला, "वैतागलो होतो. तेच तेच सांगून जीव विटला होता."

"कुणावर वैतागला होतास?"

"या दौलतीवर."

"आणि गाडीत बसलो होतो मी," आबा म्हणाले.

जानबाने साक्षीदारांकडे पाहिलं, पण त्याला त्यांचा काही उपयोग दिसेना.

राणीने निकाल दिला. जानबा सांगेल ती दुरुस्ती झाल्याशिवाय दौलतीने गाडी घाटात आणायची नाही. आणि आबांचं घर मागावर चालतं, म्हणून त्यांचा हात बरा होईपर्यंत दोघांनी रोज त्यांच्या घरी जाऊन विणायचं.

दोघे मागावर बसले. दौलती धागा ओढायचा, धागा तुटायचा.

"ओढू नकोस, सैल सोड," आबा म्हणायचे.

दौलती पुन्हा ओढायचा. आबा पुन्हा सांगायचे. सकाळी सांगितलेलं दुपारी, दुपारी सांगितलेलं संध्याकाळी. जानबाच्या अंगाची लाही लाही व्हायची. एकदा त्याला राहवेना.

"आबा, तुम्ही चिडत कसे नाही हो?"

"चिडतो की," आबा म्हणाले. "आत्ताच मनातल्या मनात तुम्हा दोघांना गडावरून ढकलून दिलं. पण ही घोंगडी कुणीतरी पांघरणार आहे. तो गारठेल, तू नाहीस. म्हणून पुन्हा सांगतो." आणि ते दौलतीकडे वळले. "ओढू नकोस रे. सैल सोड."

पुढे दौलतीची गाडी नीट झाली. रेडिएटर साफ झाला, व्हॉल्व्ह बसले, ब्रेक नवे आले. ती धाप न टाकता घाट चढू लागली. बजाबा अजूनही पुढे जायचा आणि दौलतीचे कान अजूनही लाल व्हायचे. पण मोठा कार्बोरेटर त्याने पुन्हा बसवला नाही.

आबांचं मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं. पूर्वीसारखा धागा ठोकून घट्ट बसवायचा जोर त्यात उरला नाही. त्यांच्या घोंगड्या विरळ होऊ लागल्या. घेणारे भिडेखातर घेत, आणि गडावरच्या थंडीत कुडकुडत.

जानबाकडे पुढेही हट्टी गिऱ्हाइकं आली. तो ओरडायचा, पाने आपटायचा, कपाळाला हात लावायचा. पण नको म्हटलेली वस्तू त्याने पुन्हा कधी कुणाच्या गाडीला बसवली नाही. काही लोक रागावून दुसरीकडे गेले. त्याने त्यांना जाऊ दिलं.

तात्पर्य: वैतागून दिलेल्या होकाराने आपली सुटका होते, पण त्याची झळ तिसऱ्यालाच बसते.