दोन दारांचे घर

आपल्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रकाठच्या एका राज्यात एक राजकन्या होती. तिच्या आईने परदेशी गलबतावरून तिला दोन गिनीपिग घेऊन दिल्या होत्या. सशाहून लहान, बिनशेपटीच्या, चारा दिसला की कुईकुई करणाऱ्या. पुढे राणी वारली. त्याच वर्षी एक गिनीपिगही गेली. उरलेलीचे नाव कवडी, ती चाऱ्याला तोंड लावीना.

राजाने तेव्हा नवी राणी आणायचे ठरवले होते. तिने जुन्या राणीच्याच महालात, राजकन्येसोबत राहावे, असा हुकूमही सुटला होता. राजकन्या त्यावर अवाक्षर बोलली नव्हती.

कवडीसाठीही राजाने बंदरावरून एक तांबडी मादी आणली आणि तडक पिंजऱ्यात सोडली. "दोघी एकाच जातीच्या. न जमायला काय झालं?" तो म्हणाला. हुकूम सोडला की मनेही हलतात, असे राजेलोकांना वाटते.

कवडी दात वाजवत धावून गेली. तांबडी पळून पिंजऱ्यातल्या लाकडी खोक्यात शिरली, पण खोक्याला दार एकच, आणि दारात कवडी. राजकन्येने सोडवेपर्यंत तांबडीचा कान फाटला होता.

"जुनी दुष्ट आहे," राजा म्हणाला. "हिला रानात सोडा."

आईने दिलेला तेवढाच एक जीव राजकन्येपाशी उरला होता.

"आबासाहेब, तिला थोडे दिवस द्या," ती म्हणाली. "ते घर तिचं होतं. कुणी अचानक आत आलं, म्हणून ती घाबरली."

राजाने पौर्णिमेपर्यंत मुदत दिली.

राजकन्येने तांबडीचा कान बरा होऊ दिला. मग दोघींना शेजारी ठेवले, मध्ये जाळी लावून. रोज हिच्याखालचे गवत तिच्याकडे, तिच्याखालचे हिच्याकडे. वास ओळखीचा झाल्यावर तिने दोघींना अंगणात आणले. तिथे कुणाचीच सत्ता नव्हती. मध्ये कोवळ्या गवताचा ढीग घातला. कवडी गुरगुरली, तांबडीला ढकलू लागली. दासी पुढे धावल्या, पण राजकन्येने त्यांना थांबवले आणि स्वतः जीव मुठीत धरून बसून राहिली. अखेर दोघींची तोंडे त्या एकाच ढिगात गेली.

जुना पिंजरा तिने वापरलाच नाही. नवे ऐसपैस घर करून घेतले. त्यात दोन वाट्या, दोन खोकी, आणि प्रत्येक खोक्याला दोन दारे.

पौर्णिमेला राजा आला, तेव्हा दोघी अंगाला अंग लावून झोपल्या होत्या.

"दोन दारं कशाला?" त्याने विचारले.

"एकीला राग आला, तर दुसरीला निघून जाता यावं म्हणून."

नव्या राणीच्या हुकुमावर मुलगी गप्प का राहिली होती, ते राजाला आज कळले, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने हुकूम मागे घेतला. आईचा महाल लेकीकडेच राहिला. नव्या राणीसाठी बागेपलीकडे दुसरा महाल उभा राहिला.

नवी राणी आली. कित्येक दिवस ती आणि राजकन्या बागेत लांबूनच एकमेकींना पाहत. मग एका सकाळी राजकन्या आपणहून तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "चला, तुम्हाला कवडी दाखवते."

तात्पर्य: एका छताखाली आणल्याने मने जुळत नाहीत, त्यासाठी आधी प्रत्येकाला आपली जागा आणि आपला वेळ द्यावा लागतो.